डीवर उमटलेला डी

माझ्यासमोर टेबलावर १८४६ सालचे पाच डॉलरचे सोन्याचे नाणे आहे. व्यास साधारण २१.६ मिलिमीटर, वजन आठ ग्रॅमांहून थोडे अधिक. दर्शनी बाजूला डावीकडे पाहणारा स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा, तिच्या मुकुटपट्टीवर ‘लिबर्टी’ हा शब्द, भोवती तेरा तारे आणि खाली साल. मागच्या बाजूला छातीवर ढाल घेतलेला गरुड, त्याच्या पायांत ऑलिव्हची फांदी आणि बाण, आणि अगदी खाली ‘फाइव्ह डी.’ ही अक्षरे. गरुड आणि ही अक्षरे यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरते, तिथे आणखी एक लहानसे ‘डी’ हे अक्षर आहे. खालचा डी डॉलरचा, वरचा डी डाहलोनेगाचा, म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ज्या गावच्या टांकसाळीत हे नाणे पडले त्या गावाचा. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून हा वरचा डी पाहिला की तो एक नाही, दोन आहेत हे कळते. नाणे पाडायच्या ठशावर अक्षर एकदा उमटवले गेले, जागा चुकली, मग तेच अक्षर किंचित सरकवून पुन्हा ठोकले गेले, आणि आधीच्या अक्षराची कड तशीच शिल्लक राहिली. या सालच्या डाहलोनेगाच्या नाण्यांत हा प्रकार विरळा नाही. उलट साधा, एकेरी डी असलेले नाणेच कमी आढळते. तरीही जेव्हा जेव्हा मी ते भिंगाखाली धरतो, तेव्हा तो दुसरा घाव घालणाऱ्या माणसाचा हात मला दिसल्यासारखे वाटते.

तो हात डाहलोनेगातला नव्हता. दक्षिणेकडच्या शाखा टांकसाळींसाठी लागणारे सर्व ठसे फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीत तयार होत, टांकसाळीचे अक्षरही तिथेच हाताने ठोकले जाई, आणि मग ते ठसे शेकडो मैलांचा प्रवास करून जॉर्जियाच्या डोंगरांत पोहोचत. म्हणजे चूक फिलाडेल्फियाची, सोने जॉर्जियाचे, आणि त्यावर दाब देणारे यंत्र एका लहानशा खाणगावातले. एवढ्याशा चकतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि म्हणूनच अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातल्या सोन्याच्या नाण्यांपैकी मी मुख्यत्वे डाहलोनेगाचीच नाणी जमवतो.

मी अटलांटाजवळ राहतो. डाहलोनेगा तिथून उत्तरेला, गाडीने तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. पहिल्यांदा गेलो ते पानगळ बघायला, नाण्यांसाठी नव्हे. गावाच्या चौकात १८३६ साली बांधलेली न्यायालयाची विटांची इमारत आहे, ती आता सोन्याचे संग्रहालय आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मांडलेल्या, नखाएवढ्या काही आणि अंगठ्याएवढ्या काही पिवळ्या चकत्यांपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. तोपर्यंत मला वाटे की नाणी म्हणजे राजधानीत, मोठ्या शहरात पडणारी वस्तू. या आडगावात, जिथे आजही चौकातून डोंगर दिसतात, तिथे एका राष्ट्राचे सोन्याचे चलन पडत होते, ही गोष्ट मनात घर करून राहिली.

अमेरिकेतील सोन्याची पहिली नोंदलेली गोष्ट उत्तर कॅरोलायनातली आहे. १७९९ साली कॉनरॅड रीड या मुलाला कॅबॅरस परगण्यातल्या ओढ्यात सुमारे सतरा पौंडांचा एक पिवळा दगड सापडला. घरच्यांनी तो तीन वर्षे दाराला अडसर म्हणून वापरला आणि १८०२ मध्ये साडेतीन डॉलरला एका सोनाराला विकला. १८२९ च्या सुमारास उत्तर जॉर्जियात सोन्यासाठी माणसांची रीघ लागली. ही भूमी चेरोकी लोकांची होती. जॉर्जिया राज्याने १८३२ साली तिचे तुकडे पाडून ते सोडत काढून गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटले, आणि ज्या १८३८ साली डाहलोनेगाच्या टांकसाळीत पहिली नाणी पडली, त्याच साली चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्या वाटेवर हजारो माणसे मेली. गावाचे नावसुद्धा चेरोकी भाषेतल्या पिवळ्या रंगाच्या शब्दावरून आलेले आहे. ही नाणी जमवणाऱ्याने हा इतिहास बाजूला ठेवून चालणार नाही असे मला मनापासून वाटते. माझ्या नोंदवहीत पहिल्या पानावर मी तो लिहून ठेवला आहे.

खाणीतून निघालेली सोन्याची भुकटी खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्या काळी मोठी अडचण होती. भुकटीचे नाणे करायचे तर ती फिलाडेल्फियाला पाठवावी लागे. रस्ते वाईट, चोरांचे भय, आणि महिनोन्महिने वाट पाहणे. ही अडचण आधी खासगी माणसांनी ओळखली. टेंपलटन रीड याने १८३० साली जॉर्जियातच सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली, पण त्याच्या नाण्यांच्या कसाविषयी संशय घेतला गेला आणि काही महिन्यांतच त्याचा व्यवसाय बंद पडला. उत्तर कॅरोलायनात ख्रिस्तोफर बेक्टलर या जर्मन कारागिराने १८३१ पासून हेच काम केले. सोन्याचे एक डॉलरचे नाणे अमेरिकेत प्रथम पाडले ते त्याने. सरकारला तसे नाणे काढायला १८४९ साल उजाडले. १८३५ च्या मार्चमध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सहीने शार्लट, डाहलोनेगा आणि न्यू ऑर्लिन्स या तीन ठिकाणी शाखा टांकसाळी स्थापण्याचा कायदा झाला आणि तिन्ही ठिकाणी १८३८ पासून नाणी पडू लागली. पहिल्या दोन ठिकाणी फक्त सोनेच पडे. डाहलोनेगात १८३८ ते १८६१ या चोवीस वर्षांत एकंदर चौदा लाखांच्या आसपास नाणी पडली, आणि त्यांत एक डॉलर, अडीच डॉलर, पाच डॉलर आणि केवळ १८५४ या एकाच वर्षी तीन डॉलर, एवढेच प्रकार होते. त्या तीन डॉलरच्या नाण्यांची संख्या अवघी १,१२० होती.

चौदा लाख हा आकडा ऐकून ही नाणी विपुल असावीत असा समज होतो. मीही सुरुवातीला पाडलेल्या नाण्यांचे तक्ते पाहून हिशेब करत असे आणि बाजारात नाणे दिसेना की चकित होत असे. १८४३ साली डाहलोनेगात पाच डॉलरची ९८,४५२ नाणी पडली. आज त्यांतली काही शेच उरली आहेत. किती पडली याला या छंदात महत्त्व आहेच, पण खरा प्रश्न किती उरली हा असतो, आणि उरण्याची कारणे प्रत्येक नाण्यागणिक वेगळी असतात. माझ्या मते या नाण्यांचा सगळा रस त्या कारणांत आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण डाहलोनेगाच्या आधीचे आहे. १८२२ साली फिलाडेल्फियात पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे. आज त्यांपैकी तीन ठाऊक आहेत. दोन स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय संग्रहात कायमची गेली आहेत. उरलेले एक बाल्टिमोरचे लुई एलियासबर्ग यांच्याकडे होते, ते १९८२ च्या लिलावात ६,८७,५०० डॉलरला आणि २०२१ च्या मार्चमध्ये ८४ लाख डॉलरला गेले. सतरा हजारांतून तीन का उरावीत? कारण १७९२ च्या कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या पंधरा पट धरला होता आणि जगाच्या बाजारात तो त्याहून वर गेला. पाच डॉलरच्या नाण्यातले सोने पाच डॉलरहून महाग झाले. साहजिकच व्यापाऱ्यांनी ती नाणी जहाजांवर चढवून युरोपात नेली आणि तिथे ती वितळली गेली. १८३४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्रमाण सोळास एक केले, नाण्यातले सोने सुमारे सहा टक्क्यांनी घटवले, वजन ८.७५ ग्रॅमवरून ८.३६ ग्रॅमवर आणले, आणि मगच सोन्याची नाणी लोकांच्या हातांत फिरू लागली. आधीची नाणी तिजोऱ्यांत आणि मुशींत संपली, नंतरची नाणी हातांत झिजून संपली. नाणे संपण्याचे हे दोन अगदी भिन्न मार्ग आहेत आणि उरलेल्या नाण्याच्या अंगावर ते स्पष्ट ओळखू येतात: १८३४ पूर्वीचे जे नाणे वाचले ते बहुधा फारसे न झिजलेले असते, तर डाहलोनेगाचे नाणे बहुतेक वेळा झिजलेलेच मिळते.

डाहलोनेगाच्या परिसरात, किंबहुना एकूणच दक्षिणेत, त्या काळी नाणी जमवणारे जवळजवळ कोणी नव्हते. नाणे पडले की ते दुकानात, कापसाच्या व्यवहारात, जमिनीच्या खरेदीत जाई आणि वर्षानुवर्षे फिरत राही. ईशान्येकडच्या शहरांत जे संग्राहक होते, ते साल पाहून नाणे घेत. ते कुठल्या टांकसाळीत पडले याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. फिलाडेल्फियाचे १८४६ मिळाले की १८४६ चे खण भरले. १८९३ मध्ये ऑगस्टस हीटन या चित्रकाराने शाखा टांकसाळींच्या अक्षरांविषयी पुस्तिका लिहिली, तेव्हा कुठे लोक गरुडाखालचे ते बारीक अक्षर पाहू लागले. पण डाहलोनेगाची टांकसाळ बंद होऊन तोवर बत्तीस वर्षे झाली होती. अमेरिकेच्या पश्चिमेतल्या, विशेषतः वीस डॉलरच्या, नाण्यांचे नशीब वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची मोठी नाणी पोत्यांनी युरोपातल्या बँकांत गेली, तिथल्या तळघरांत पडून राहिली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळशी परत आली. डाहलोनेगाच्या लहान नाण्यांना असा निवारा फारसा मिळाला नाही.

पुढे ५ एप्रिल १९३३ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश निघाला आणि नागरिकांना आपल्याजवळचे सोने सरकारी बँकेत जमा करावे लागले. पुढच्या जानेवारीत सोन्याचा अधिकृत भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर झाला. त्या आदेशात दुर्मीळ आणि वेगळ्या नाण्यांच्या संग्राहकांना ज्यांचे विशेष मोल वाटते, अशा नाण्यांना सूट होती. हे एक वाक्य नसते तर माझ्यासमोरचे हे नाणे आज कदाचित एखाद्या सोन्याच्या विटेचा भाग असते. तरीही ज्यांना आपल्या आजोबांच्या डब्यातल्या नाण्यावरचा डी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांनी ती जमा केलीच असणार. खासगी सोने बाळगण्यावरचे निर्बंध १९७४ च्या अखेरीस पूर्णपणे उठले.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी लिहितो, कारण नव्याने या छंदात येणाऱ्याला तिचा उपयोग होईल. माझे पहिले डाहलोनेगा नाणे १८५२ चे पाच डॉलर. एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याच्या काचेखाली ते दिसले. आजूबाजूच्या मळकट नाण्यांत तेवढेच लखलखत होते. किंमत त्याच सालच्या इतर नाण्यांपेक्षा कमी होती आणि मी ती नशिबाची गोष्ट समजलो. भिंग खिशात होते, पण बाहेर काढले नाही. घरी आल्यावर दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवले तेव्हा स्वातंत्र्यदेवतेच्या मुखासमोरच्या सपाट भागावर केसासारख्या असंख्य समांतर रेषा एकदम उजळल्या. त्या सर्व एकाच दिशेने जात होत्या, तारे ओलांडून जात होत्या. कोणीतरी, कधीतरी, कापडाने आणि कुठल्याशा पावडरीने ते नाणे घासून काढले होते. परीक्षणासाठी पाठवले तेव्हा ते खरे असल्याचा निर्वाळा मिळाला, पण दर्जाचा अंक न देता ‘साफ केलेले’ एवढाच शेरा लिहून परत आले.

आमच्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात एक वयस्कर गृहस्थ आहेत. पन्नासहून अधिक वर्षे ते दक्षिणेची नाणी पाहत आले आहेत. त्यांना मी ते दाखवले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि आपल्या पेटीतून १८५३ चे एक नाणे काढून माझ्या हातात दिले. ते माझ्या नाण्यापेक्षा अधिक झिजलेले होते. रंग गडद, थोडा हिरवट झाक असलेला पिवळा. अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या कोपऱ्यांत काळसर मळ साचलेला. उंचवट्यांवर मऊ, एकसारखी झीज. आणि ताऱ्यांच्या मधल्या आडोशाच्या जागेत, नाणे तिरके धरल्यावर, मूळची लकाकी अजून गोल फिरत होती. ते म्हणाले, याला दीडशे वर्षांत फक्त हात लागले, कोणी सुधारले नाही. मग दोन्ही नाणी शेजारी ठेवून त्यांनी मला अर्धा तास बघायला लावले, आणि त्या अर्ध्या तासात मी जे शिकलो ते कुठल्याही तक्त्यातून मिळाले नसते.

सोने गंजत नाही, पण ही नाणी शुद्ध सोन्याची नसतात. १८३७ पासून कस हजारी नऊशे ठरलेला आहे. उरलेल्या दहाव्या भागात तांबे आणि थोडी चांदी. तांब्यामुळे लालसर छटा येते, चांदीमुळे हिरवट. दीडशे वर्षांत हवा, कागद, कातडी पिशव्या आणि माणसांची बोटे यांचा परिणाम होऊन पृष्ठभागावर अत्यंत पातळ असा थर बसतो. तो एकदा निघाला की परत येत नाही. रसायनात क्षणभर बुडवून काढलेले नाणे खरवडलेले नसते, त्यावर रेषा नसतात, पण त्याचा रंग फिकट, सपाट आणि एकसुरी होतो. झिजलेल्या नाण्यावर नव्या नाण्याचा उजळपणा दिसला की समजावे, काहीतरी झाले आहे. दुर्दैवाने दक्षिणेच्या नाण्यांपैकी मोठा भाग कधी ना कधी या उजळणीतून गेला आहे, कारण बराच काळ ग्राहकांना चकाकीच हवी असे. मूळ पृष्ठभाग असलेले नाणे त्यामुळे दुर्मिळातले दुर्मीळ ठरते, आणि ते कुठल्याही तक्त्यात वेगळे मोजलेले नसते.

दुसरी गोष्ट ठशाच्या उठावाची. दाब कमी पडल्याने नाणे अर्धवट उठणे आणि वापराने ते झिजणे, या दोन्ही गोष्टी प्रथमदर्शनी सारख्याच दिसतात. डाहलोनेगाची यंत्रे आणि चकत्या तयार करण्याची पद्धत फिलाडेल्फियाइतकी नेटकी नव्हती. देवतेच्या कानावरचे केस, गरुडाची मान, पायाजवळची पिसे या जागा अनेकदा पुरत्या उठतच नाहीत. नवशिका ती झीज समजतो आणि चांगले नाणे सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे झिजलेले नाणे ‘कच्चा ठसा’ म्हणून चढ्या भावाने घेतो. फरक पृष्ठभागात असतो. जिथे धातू ठशात पुरता चढलाच नाही, तिथे चकतीचा मूळचा खरबरीत पोत आणि काही वेळा लकाकीसुद्धा शिल्लक असते; जिथे बोटांनी झीज झाली, तिथे उंचवटा गुळगुळीत, मंद आणि किंचित वेगळ्या रंगाचा होतो. शिवाय प्रत्येक सालचा स्वभाव निराळा आहे. १८६० आणि १८६१ च्या डाहलोनेगाच्या एक डॉलरच्या नाण्यांवर ‘युनायटेड’ या शब्दातले पहिलेच अक्षर पुसट, जवळजवळ नाहीसे असते. ते ठळक दिसले तर आनंद मानण्याऐवजी आधी संशय घ्यावा.

खोट्या नाण्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सोन्याची बनावट नाणी बहुधा सोन्याचीच असतात; विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अशी पुष्कळ नाणी मध्यपूर्वेत तयार झाली आणि १८८२ चे तीन डॉलर तर त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. त्यामुळे धातूची परीक्षा पुरेशी नसते, पण ती आधी करावी. पाच डॉलरचे नाणे हवेत ८.३६ ग्रॅम भरते आणि पाण्यात बुडवून तोलले तर जेमतेम अर्धा ग्रॅम हलके होते, म्हणजे घनता १७.२ च्या आसपास येते. मग भिंग घ्यावे. खऱ्या नाण्याचा साचा करून बनवलेल्या ठशात त्या एका नाण्याचे खड्डे आणि ओरखडे उतरतात आणि प्रत्येक बनावट नाण्यावर ते त्याच जागी दिसतात. डाहलोनेगाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे: फिलाडेल्फियाच्या साध्या नाण्यावर मागाहून डी चिकटवणे. अक्षराच्या पायथ्याशी धातू सलग वर उचललेला दिसला पाहिजे. तिथे सांधा, फट किंवा रंगातला फरक दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

पीसीजीएस ही संस्था १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. नाणे तपासून, एक ते सत्तर या मापावर दर्जा देऊन, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देण्याच्या त्यांच्या पद्धतीने खोट्या नाण्यांची भीती पुष्कळ कमी झाली आणि दूरवरच्या माणसाला न पाहता नाणे घेण्याची सोय झाली. मी स्वतः पेटीत नसलेले महाग नाणे आता घेत नाही. मात्र पेटीवरचा अंक हा पृष्ठभागाचे पूर्ण वर्णन नव्हे. अठ्ठावन्नचा दर्जा मिळालेले, पण रसायनात बुडवून काढलेले फिकट नाणे आणि पंचेचाळीसचा दर्जा असलेले, कोपऱ्यांत मळ जपलेले गडद नाणे यांतून मी दुसरे निवडीन. माझ्या मंडळातले काही जण याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते शिल्लक राहिलेले बारकावे महत्त्वाचे, रंग दुय्यम. या वादात दोन्ही बाजूंना आधार आहे, पण १८५२ च्या त्या घासलेल्या नाण्यानंतर माझे मन कुठे झुकते हे उघड आहे.

नाणी उरण्याच्या काही घटना इतक्या अनपेक्षित आहेत की सगळे अंदाज उलटेपालटे होतात. कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे निघालेले ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज सप्टेंबर १८५७ मध्ये वादळात बुडाले. चारशेहून अधिक माणसे गेली. १९८८ मध्ये त्याचा ठावठिकाणा लागला आणि सॅन फ्रान्सिस्कोत पडलेली १८५७ ची वीस डॉलरची पाच हजारांहून अधिक नाणी वर आली, बरीचशी जवळजवळ नवी. जे नाणे उत्तम अवस्थेत क्वचितच दिसे, ते कोणालाही घेता येण्यासारखे झाले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला स्वतःच्या जमिनीत पुरलेल्या डब्यांत १,४२७ सोन्याची नाणी सापडली, सर्व १८४७ ते १८९४ या काळातली. तेव्हापासून मी कुठल्याही नाण्याविषयी ‘इतकीच उरली आहेत’ असे बोलताना ‘आज ठाऊक असलेली’ हे शब्द आवर्जून जोडतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या १८५४ च्या पाच डॉलरची हकिकत तर मला या साऱ्या छंदाचे सार वाटते. टांकसाळ नवीन होती, सोने शुद्ध करायला लागणाऱ्या आम्लांचा तुटवडा होता आणि लोकांना मोठी नाणी हवी होती. त्यामुळे त्या वर्षी ही नाणी फक्त २६८ पडली. अनेक दशके तीनच ठाऊक होती: एक स्मिथसोनियनमध्ये, एक खासगी संग्रहात, आणि एक १९६७ मध्ये फ्लोरिडातल्या एका घरावर पडलेल्या दरोड्यात गेलेले, जे अजून मिळालेले नाही. २०१८ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या एका माणसाने आपल्याजवळचे असेच नाणे दाखवले, तेव्हा आधी जाणत्या व्यापाऱ्यांनी ते खोटे ठरवले, कारण ते खरे असणे संभवतच नव्हते. एनजीसीने ते तपासले. ते खरे निघाले आणि चोरीला गेलेले नव्हे हेही सिद्ध झाले. त्याच ऑगस्टमध्ये ते २१ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. ते नाणे थोडेसे झिजलेले होते. म्हणजे ते कोणा संग्राहकाच्या मखमलीवर नव्हे, तर लोकांच्या खिशांत फिरून उरले होते.

डाहलोनेगाच्या टांकसाळीचा शेवट यादवी युद्धात झाला. जानेवारी १८६१ मध्ये जॉर्जिया संघराज्यातून फुटले, टांकसाळ दक्षिणेच्या ताब्यात गेली, आणि तिथे उरलेल्या सोन्यातून काही नाणी पडली. त्या सालच्या पाच डॉलरच्या नाण्यांची संख्या १,५९७ नोंदलेली आहे. एक डॉलरच्या नाण्यांची मात्र नोंदच नाही, कारण ती दक्षिणेच्या सत्तेखालीच पडली. संघराज्याचे नाव धारण करणारी ही नाणी संघराज्याशी लढणाऱ्यांनी पाडली, हे त्या पुसट अक्षराकडे पाहताना दर वेळी आठवते. युद्धानंतर टांकसाळ पुन्हा उघडली नाही. इमारत महाविद्यालयाला देण्यात आली आणि १८७८ मध्ये जळाली. तिच्या पायावर उभ्या असलेल्या आजच्या इमारतीच्या शिखरावर डाहलोनेगाच्या सोन्याचा मुलामा आहे.

पाच डॉलरची नाणी डाहलोनेगात १८३८ पासून १८६१ पर्यंत दर वर्षी पडली, एकाही वर्षाचा खंड नाही. चोवीस सालांपैकी माझ्याकडे नऊ आहेत. १८६१ चे नाणे माझ्या आवाक्यातले नाही आणि त्याची खंत मी बाळगत नाही. मला हवे आहे ते पहिले, १८३८ चे. त्या एकाच वर्षी डाहलोनेगाच्या पाच डॉलरच्या नाण्यावर विल्यम नीस यांनी रेखाटलेली कुरळ्या केसांची, पट्टी बांधलेली देवता आहे. पुढच्या वर्षापासून ख्रिश्चन गोब्रेख्ट यांची मुकुटवाली देवता आली. त्या पहिल्या नाण्यावर डी मागे गरुडाखाली नसून पुढच्या बाजूला, सालाच्या वर आहे. २०,५८३ पडली होती.

मंडळातल्या त्या वयस्कर गृहस्थांकडे ते आहे. गेल्या बैठकीनंतर सगळे गेल्यावर त्यांनी ते पेटीसकट माझ्या हातात दिले. रंग जुन्या मधासारखा, केसांच्या बटांत मळ, सालाच्या आठच्या आकड्यावर एक लहानसा टोचा, आणि डी स्वच्छ, एकेरी, एकाच घावात बसलेला. विकायचे ठरवले तर आधी तुम्हालाच विचारीन, असे ते म्हणाले. किंमत मी अजून विचारलेली नाही.